हरभरा पेरा, असे मी सांगितले होते

बँकेत असताना मला एक सवय होती. कर्जदाराच्या शेतावर गेलो की तपासणी-पत्रकात जे भरायचे ते भरत असे, आणि मग जीपमध्ये बसल्यावर खिशातल्या वहीत दोन-चार ओळी स्वतःसाठी खरडत असे. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा या वह्यांनी मला पुष्कळ दिले. माणसे दिली, त्यांच्या बोलण्याच्या लकबी दिल्या, उन्हात तापलेल्या विहिरीच्या काठाचा वास दिला. एक नोंद मात्र मी कुठेही वापरू शकलो नाही. ती फेब्रुवारी १९९० मधली आहे. राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यात एका शाखेत मी तेव्हा कृषी अधिकारी होतो. नोंद अशी: 'गहू ५ बिघे, जव ३ बिघे. मध्येच पिवळे चट्टे. म्हातारा म्हणतो मोल्या. पत्रकात लिहिले, खताची मात्रा अपुरी.'

हे शेवटचे वाक्य मला गेली कित्येक वर्षे खुपते आहे.

शेत विहिरीच्या पाण्यावरचे होते. जमीन शेखावाटीत असते तशी, मुठीत धरली तर बोटांमधून गळून जाणारी. बांधाजवळचा गहू चांगला मांडीपर्यंत आला होता. पण आत चार-सहा पावले गेले की एकदम खोलगट वाटावे अशी जागा लागे. तिथला गहू वीतभर, पिवळा, फुटवे जेमतेम एक-दोन. दहा-बारा हात ओलांडले की पुन्हा हिरवे. जणू कोणी घोंगडी पसरून ठेवली होती आणि ती उचलायला विसरले. म्हाताऱ्याने, आम्ही त्यांना चौधरीजी म्हणत असू, त्या चट्ट्यातले एक रोप उपटले, मुळांची वाळू झटकली आणि माझ्यापुढे धरले. मुळे सरळ खाली जायच्या ऐवजी आखूड, गुंतलेली, झाडूच्या झिजलेल्या टोकासारखी झाली होती. त्यांना चिकटून खसखशीच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके होते. 'मैनेजर साब,' ते म्हणाले, 'ये मोल्या है.' मी व्यवस्थापक नव्हतो, पण तिथे शर्ट-पँट घालून जीपमधून उतरणारा प्रत्येक जण व्यवस्थापकच असे.

मी मान डोलावली आणि पत्रक काढले. 'उत्पन्न घटण्याचे कारण' या रकान्याखाली अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, टोळधाड असे छापील पर्याय होते आणि शेवटी 'इतर' होते. 'इतर' लिहिले की वरच्या कार्यालयातून स्पष्टीकरण मागत. पिवळेपणा म्हणजे नत्राची कमतरता, एवढे प्रशिक्षणात शिकवलेले होते. मी खताची मात्रा अपुरी लिहिले. या दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्दांचा परिणाम असा, की दोष शेतकऱ्याकडे गेला. कर्जाचे खत त्याने शेतात घातले नसावे, विकले असावे, अशी शंका घ्यायला वरच्या मंडळींना जागा मिळाली आणि हप्ते वाढवून द्यायचा प्रस्ताव तिथेच पडला.

मार्चमध्ये एका बैठकीसाठी जयपूरला गेलो होतो. बैठक दुपारी संपली, गाडी रात्रीची होती. दुर्गापुऱ्याचे कृषी संशोधन केंद्र जवळच होते, म्हणून सहज गेलो. तिथल्या एका तरुण शास्त्रज्ञाने माझे वर्णन अर्धे ऐकले आणि पुढचे अर्धे स्वतःच सांगितले. मग त्याने एक तपकिरी कण काचपट्टीवर ठेवून सुईने फोडला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. आत अंडीच अंडी होती, आणि प्रत्येक अंड्यात घडी घालून ठेवलेल्या दोऱ्यासारखा एक जीव.

हा सूत्रकृमी. शास्त्रीय नाव हेटेरोडेरा अव्हेनी. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५८ साली, सीकर जिल्ह्यातल्याच नीम का थाना येथे. म्हणजे मी ज्या जिल्ह्यात बसून खत अपुरे लिहीत होतो त्याच जिल्ह्याच्या नावावर हा रोग शास्त्राच्या पुस्तकात बसलेला होता. थंडी पडली की अंड्यातून पिल्लू निघते, गव्हाच्या किंवा जवाच्या मुळाच्या टोकामागून आत शिरते, मुळाच्या मधल्या नळीशी जाते आणि तिथे ठाण मांडते. आपल्या तोंडासमोरच्या पेशींना ते असे काही वळवते, की त्या एकमेकींत मिसळून एक मोठे कोठार होते आणि झाड आपले अन्न त्या कोठारात ओतत राहते. मादी जागची हलत नाही. ती फुगते, लिंबाच्या आकाराची होते, मुळाबाहेर डोकावते. तेच ते पांढरे ठिपके. मरताना तिची कातडी कडक व तपकिरी होते आणि पोटात शेकडो अंडी घेऊन ती मातीत पडून राहते. ही अंडी सगळी एका वर्षी फुटत नाहीत. काही यंदा, काही पुढल्या वर्षी, काही त्यानंतर. वेगवेगळ्या तारखांना पिकणाऱ्या मुदत ठेवी याहून शहाणपणाने कोणी ठेवत नसेल.

तोडगाही शास्त्रज्ञाने सांगितला. हा प्राणी फक्त तृणधान्यांवर आणि त्यांच्या भाऊबंद गवतांवर जगतो. दोन वर्षे गहू-जव बंद करा, हरभरा किंवा मोहरी घ्या. मे-जूनच्या उन्हात जमीन दोन-तीनदा खोल नांगरून उघडी टाका, म्हणजे कोष तापून मरतील. जव घ्यायचाच तर राजकिरण हे प्रतिकारक वाण घ्या. मी सगळे वहीत उतरवून घेतले, आणि परतल्यावर पहिल्याच रविवारी त्या वस्तीवर गेलो. अपराधी मनाला एक सोय हवी असते; ती मला मिळाली होती. 'चौधरीजी, हरभरा पेरा,' मी सांगितले. त्यांनी पेरला.

आता या गोष्टीचा शेवट इथे व्हायला हरकत नव्हती. अडाणी अधिकारी शिकतो, शेतकऱ्याला मार्ग सापडतो. मीही बरीच वर्षे ती मनाशी अशीच सांगत होतो.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी कोरडवाहू शेतीबद्दल वाचत होतो तेव्हा सूत्रकृमींचा हा विषय पुन्हा समोर आला, आणि मी जो एक शत्रू समजत होतो तो मातीत कधी एकटा राहतच नाही, हे कळले. गव्हाच्या मुळाशी एक दुसरी जात असते, प्रॅटिलेंकस. तिच्या पुष्कळ उपजाती आहेत. धान्याच्या बाबतीत दोन महत्त्वाच्या, थॉर्नेई आणि नेग्लेक्टस. (नेग्लेक्टस म्हणजे लॅटिनमध्ये दुर्लक्षित. नाव ठेवणाऱ्याने पुढचे भविष्यच सांगून ठेवले.) हिची रीत अगदी वेगळी. ही कुठे बसत नाही. मुळाच्या सालीत शिरते, एक पेशी टोचून रिकामी करते, भिंत फोडून दुसरीत जाते. मागे तपकिरी व्रणांची माळ राहते. मूळ कुजले की बाहेर पडून नवे मूळ शोधते. कोषवाल्या मादीची वर्षाला एक पिढी. हिच्या एका हंगामात अनेक. एक जण दस्तऐवज करून, घर बांधून राहणारा. दुसरा रोज नव्या ओसरीवर झोपणारा भुरटा.

हे दोघे एकाच मुळात आले म्हणजे काय होते? माझ्यासारख्या बेरजा-वजाबाक्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला वाटेल, की नुकसान दुप्पट होईल. बहुधा तसे होत नाही. कोषवाल्याला जिवंत मूळ लागते. त्याचे कोठार भरणारी पेशी मेली तर तो उपाशी मरतो. भुरट्याने साल आधीच पोखरली असेल तर त्याला बसायला जागा राहत नाही. उलट कोषवाला आधी पोहोचला तर मुळाची वाढ खुंटते, टोके थांबतात, आणि भटक्याला चरायला रान कमी पडते. कुंड्यांमधल्या प्रयोगांत अनेकदा असे दिसले आहे, की एकाच्या सोबतीत दुसऱ्याची संख्या एकटा असताना असते तितकी होत नाही. कोण आधी शिरला, कोणाची संख्या किती, गव्हाचे वाण कोणते, माती आणि थंडी कशी, यावर निकाल फिरतो. दोघे मिळून पीक खातात आणि खाता खाता एकमेकांचे पाय ओढतात. मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

आता यातली अडचण पाहा. कोषवाल्याला हटवायला हरभरा चालतो, कारण हरभऱ्यावर तो जगू शकत नाही. थॉर्नेईला मात्र गहूही चालतो आणि हरभराही. हरभऱ्याच्या मुळांत तो उत्तम वाढतो. आपल्या देशात आणि ऑस्ट्रेलियात तो हरभऱ्याचा स्वतंत्र रोगच मानला जातो. नेग्लेक्टसला मोहरीच्या कुळातली पिकेही मानवतात. म्हणजे ज्या हंगामात आपण एकाला उपाशी ठेवले, त्याच हंगामात दुसऱ्याला पंगतीला बसवले, आणि ज्याच्याशी त्याची जागेसाठी ओढाताण चालली होती तो प्रतिस्पर्धीही बाजूला केला. पुढल्या वर्षी गहू पेरला, की पांढरे ठिपके दिसत नाहीत. सगळे खूश. पीक मात्र अजून थोडे मागेच, आणि आता चट्टेही इतके स्पष्ट नाहीत. सरसकट एक फिकेपणा. त्याला कोणी नाव देत नाही.

न्यायाने सांगायचे तर थॉर्नेईला भारी, चिकण जमीन अधिक आवडते, शेखावाटीची वाळू नव्हे. म्हणून चौधरीजींच्या शेतात तो होताच असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणतो, की सल्ला देताना मी तिथे दुसरे कोण आहे हे विचारले नाही. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मी एक कण पाहिला होता आणि त्या एका कणावर सगळे शेत समजल्याचा आव आणला होता.

या जीवांशी माणसाची पहिली ओळख झाली तीही एकेकट्यानेच झाली. १७४३ साली इंग्लंडमध्ये टर्बरव्हिल नीडहॅम या कॅथलिक धर्मगुरूने गव्हाच्या काळ्या, आक्रसलेल्या दाण्यांपैकी एक कापला. आत पांढरे तंतू निघाले. ते मोकळे करावेत म्हणून त्याने पाण्याचा थेंब टाकला आणि तंतू वळवळू लागले. वनस्पतीवर जगणारा सूत्रकृमी माणसाने पाहिला तो हा पहिला. आज त्याला अँग्विना ट्रिटिसी म्हणतात. सुकलेल्या दाण्यात तो कित्येक वर्षे निपचित पडून राहू शकतो आणि पाणी मिळताच जागा होतो. तो बियाण्याबरोबर येतो, म्हणून त्याचा बंदोबस्तही सोपा. मिठाच्या पाण्यात बी टाकले, की या हलक्या गाठी तरंगतात. त्या काढून टाकल्या, की झाले. युरोपात बियाणे यंत्राने साफ होऊ लागले आणि तो जवळजवळ नाहीसा झाला. मला वाटते, या पहिल्या सहज विजयाने आपली दिशाभूल केली. एक रोग, एक किडा, एक उपाय. मातीत राहणाऱ्यांच्या बाबतीत ही ओळ लागू पडत नाही.

ऑस्ट्रेलियाने हे मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या गहूपट्ट्यात कोषवाला सूत्रकृमी हा एके काळी पहिल्या क्रमांकाचा शत्रू होता. तिथल्या लोकांनी प्रतिकारक गहू आणि जव काढले, मध्ये कडधान्ये व तेलबिया घेतल्या, तण म्हणून उगवणारी गवते काढली, आणि तो शत्रू खरोखरच मागे हटला. हे यश थोडेथोडके नाही; माझ्या मते पीक-संरक्षणाच्या इतिहासातले ते फार स्वच्छ यश आहे. पण तो मागे हटल्यावर मुळांवरचे व्रण दिसू लागले. ते आधीपासून होते, थोरल्याच्या सावलीत होते. मग नवा शोध सुरू झाला, आणि त्यात एक गमतीची अडचण आली. थॉर्नेईला दाद न देणारे वाण नेग्लेक्टसलाही दाद देणार नाही असे नसते. कोषवाल्याविरुद्धची जनुके व्रणवाल्यांविरुद्ध कामाची नसतात. प्रत्येकासाठी वेगळी परीक्षा.

तिथल्या पेरणी-मार्गदर्शिका मी चाळल्या. त्यांत प्रत्येक वाणापुढे प्रत्येक सूत्रकृमीसाठी निरनिराळे शेरे असतात, आणि तेही दोन प्रकारचे. एक, हे वाण त्या कृमीची संख्या वाढू देते का. दुसरे, कृमी असूनही हे वाण पीक देते का. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला. काही वाणे मार खाऊनही भरपूर दाणा देतात, पण मुळाशी किड्यांची फौज वाढवून पुढच्या पिकाच्या हवाली करतात. आमच्याकडे असे खातेदार असत. ताळेबंद हसरा, हप्ता वेळेवर, आणि गोदामात उंदीर. अधिकाऱ्याची बदली होईपर्यंत सगळे ठीक. पेरणीआधी मातीचा नमुना देऊन त्यात कोणत्या जातीचा किती अंश आहे, हे डीएनएवरून मोजून घेण्याची सोयही त्यांनी उभी केली. नमुन्याच्या अहवालात एक नाव येत नाही, यादी येते.

त्या देशातलीच आणखी एक हकिकत सांगायचा मोह आवरत नाही. थॉर्नेईने झोडपलेल्या, गॅचर नावाच्या गव्हाच्या एका शेतात काही रोपे आजूबाजूच्यांपेक्षा बरी उभी होती. ती वेगळी काढली, त्यांचे बी वाढवले, तपासले, आणि त्यातल्या एका निवडीत थॉर्नेईला बऱ्यापैकी रोखण्याचा गुण निघाला. नाव काव्यात्म नाही, 'जीएस ५० ए'. पुढे त्यावरून कितीतरी संकर झाले. पण सुरुवात कोणीतरी आजारी शेतात थांबून, बरे दिसणारे रोप कोणते हे पाहण्यापासून झाली. मी चौधरीजींच्या शेतात साधारण वीस मिनिटे होतो.

आणि इंग्लंडमधली एक गोष्ट, जिने मी अक्षरशः हसलो. रॉथॅमस्टेडच्या जुन्या संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. वर्षानुवर्षे फक्त धान्यच घेतलेल्या शेतात कोषवाला वाढत जायला हवा. तो काही वर्षांनी आपोआप कमी होत होता. अशा जमिनीत फॉर्मॅलिन ओतून पाहिले तर सूत्रकृमी मरायच्या ऐवजी वाढले. विषाने मेली ती मातीतली बुरशी, जी कोषवाल्या मादीच्या पोटात शिरून तिला खात होती. ब्रायन केरी यांनी हा धागा पुढे नेला आणि त्यातल्या एका बुरशीचे १९८० साली नामकरण झाले, नेमॅटॉप्थोरा गायनोफिला. म्हणजे पीक वाचवायला औषध घालावे आणि त्याने पोलीसच आधी मारावेत. ही बुरशी काही सूत्रकृमी नव्हे, विषय थोडा बाजूला गेला. पण मातीतल्या कोणाचाही हिशेब शेजाऱ्याला वगळून होत नाही, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कशातून दिसले नाही.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण भाताचे आहे. चिखलणी करून पाणी बांधलेल्या खाचरात हर्शमॅनिएला नावाचा सूत्रकृमी मजेत राहतो. मुळांवर गाठी आणणारा दुसरा, मेलॉयडोगायनी ग्रॅमिनिकोला, पाण्याखाली नव्या मुळात सहज शिरू शकत नाही. त्याला कोरडी रोपवाटिका, ओलसर पण निचरा झालेली जमीन लागते. पाणी एकाला दार उघडते, दुसऱ्याला लावते. आज पाणी आणि मजुरी वाचवण्यासाठी रोपणी सोडून थेट पेरणीचा भात घ्या, असे सगळीकडे सांगतात, आणि ते अगदी योग्य कारणाने सांगतात. पण पाणी काढले, की गाठीवाल्याचे दार उघडते. २०१६ साली तो इटलीतल्या पिडमाँटच्या भातशेतीत सापडला तेव्हा त्याला आवरायला तिथे शेते पाण्याखाली ठेवण्याचा मार्ग धरावा लागला. उत्तर भारतात भातामागून गहू येतो, आणि हा गाठीवाला गव्हावरही जगतो. म्हणजे पाणी वाचवण्याचा निर्णय खरिपात घेतला आणि त्याची वसुली रब्बीत झाली.

माझे एक स्नेही कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना मी हे सगळे एका बैठकीत ऐकवले तेव्हा ते वैतागले. म्हणाले, 'अरे, शेतकऱ्याला एक वाक्य सांगावं लागतं. हे करा. त्यात तू पण-परंतु घातलेस की तो काहीच करत नाही. त्या पोराने तुला हरभरा सांगितला, बरोबरच सांगितलं.' त्यांचे म्हणणे मला पटते. मोल्याने बसवलेल्या शेतात हरभरा हाच सल्ला आजही दिला जाईल, आणि द्यायलाच हवा. त्या शास्त्रज्ञाने नजरेसमोरच्या आजारावर औषध दिले. राजस्थानने पुढे 'राज मोल्या रोधक-१' नावाचा गहूही काढला. माझी तक्रार सल्ल्याबद्दल नाही. सल्ल्यानंतर कोणी परत जाऊन मूळ उपटून पाहत नाही, याबद्दल आहे. आणि अशा नुकसानीला आपल्या कोणत्याच कागदावर जागा नाही, याबद्दल आहे.

जागा नाही म्हणजे काय, ते बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. आपल्याकडची पैसेवारी गावाची असते, राजस्थानातली गिरदावरीही सरासरीचीच भाषा बोलते. कर्जाची फेररचना हवी तर आपत्ती जाहीर व्हायला हवी, आणि नुकसान ठरावीक टक्क्यांच्या वर जायला हवे. ही रेघ पूर्वी ५० टक्क्यांवर होती, २०१५ साली ती ३३ वर आली. चट्ट्याचट्ट्याने खाणारा किडा गावाची सरासरी हलवत नाही. त्याने एका शेताचा तिसरा भाग खाल्ला तरी शेजारच्या सहा शेतांचा गहू त्याला झाकून टाकतो. २०१६ ची प्रधानमंत्री फसल बीमा योजना मुख्य पिकांसाठी गाव किंवा पंचायतीचे क्षेत्र एकक धरते; एकट्या शेताचे नुकसान मोजायची मुभा आहे ती गारपीट, भूस्खलन, पूर साचणे अशा वरून येणाऱ्या गोष्टींना. खालून येणाऱ्यांना नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका दिली जाते, ती चांगली गोष्ट आहे. तिच्यात १२ बाबी असतात, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, लोह, जस्त, सामू वगैरे. बाराच्या बारा रसायने. माती जिवंत असते असे आपण भाषणात म्हणतो आणि तिची तपासणी मात्र सिमेंटच्या पोत्यासारखी करतो.

ज्या भागात धान्यावर सूत्रकृमी आहेत हे माहीत आहे, तिथे तरी पत्रिकेवर तेरावा रकाना असावा, आणि त्यात 'आहे' किंवा 'नाही' नव्हे, कोणकोण आहे व किती आहे ते लिहिलेले असावे. आपल्याकडे याचे जाणकार नाहीत असे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत या शास्त्राचा स्वतंत्र विभाग १९६६ पासून आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७७ पासून. ज्ञान जयपूरपर्यंत आले होते. जयपूर ते ते शेत हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे, आणि त्यातला शेवटचा टप्पा माझ्याकडे होता.

परवा हा लेख लिहायच्या आधी मी ती वही पुन्हा पाहिली. चौधरीजींचे नाव तिच्यात आणखी दोनदा येते. एकदा मे १९९१ मध्ये, बदलीच्या आधी: त्यांनी खाते पुरते फेडले, रोख. पैसे कुठून आणले हे मी विचारले नव्हते. नोंदीत फक्त 'म्हैस दिसली नाही' एवढे आहे.

दुसरी नोंद त्याच्या तीन महिने आधीची, हरभरा उभा असतानाची. घाईत, पेन्सिलीने लिहिलेली आहे. 'हरभरा बरा. विहिरीकडच्या अंगाला फिका, ठेंगणा. पाणी कमी पडले?' मी तेव्हा रोप उपटून पाहिले नव्हते.